४८६ एसएक्स आणि ४८७ चं प्रकरण : थोडी पार्श्वभूमी

इंटेलच्या ४८६ या जुन्या प्रोसेसर चिपांचे स्पेक्स चाळताना एसएक्स, डीएक्स, डीएक्स२, डीएक्स४ असं काय काय दिसतं आणि नवीन माणूस चक्रावतो. त्यात त्याचा दोष नाही, घोळ नावं ठेवणाऱ्यांनीच घातलाय.

८०८६ पासून ३८६ पर्यंत दशांशाची आकडेमोड करायला शेजारी वेगळी चिप बसवायची पद्धत होती, ८०८७, २८७, ३८७ वगैरे, आणि ज्याला गरज तोच ती घ्यायचा. ३८६ मध्ये एसएक्स आणि डीएक्स हा फरक बसचा, म्हणजे डेटा ने-आण करणाऱ्या वाटेचा होता. १९८८ च्या एसएक्सचा बाहेरचा डेटा बस १६ बिटचा, मेमरीचा पत्ता सांगणाऱ्या ॲड्रेस लाइन २४ म्हणजे मेमरी १६ एमबीपर्यंतच. आतून दोन्ही ३२ बिट, आणि मॅथ युनिट, म्हणजे ही दशांशाची आकडेमोड करणारा भाग, दोन्हीत नाही.

१९८९ ला ४८६ आली. सुमारे १२ लाख ट्रान्झिस्टर, ८ केबी कॅश (छोटी, वेगवान मेमरी) आणि मॅथ युनिट चिपच्या आतच, त्यामुळे ३८७ सारखी वेगळी चिप घ्यायची भानगडच संपली. असं वाटलं तरी.

कारण १९९१ ला ४८६ एसएक्स काढली, आणि इथे एसएक्सचा अर्थच बदलला. बस पूर्ण ३२ बिटचा, कॅश तेवढाच, फक्त मॅथ युनिट बंद! सुरुवातीच्या चिपांत ते युनिट सिलिकॉनवर होतं पण चालू नव्हतं, पुढच्या आवृत्त्यांत काढूनच टाकलं. मॅथ युनिट बिघडलेल्या डीएक्स चिपाच अशा खपवल्या असं बरेच जण सांगतात, पण खरं कारण बाजाराचं वाटतं, त्याच सुमाराला दुसऱ्या कंपनीची ४० मेगाहर्ट्झची ३८६ स्वस्तात मिळायला लागली होती आणि तिच्यासमोर ४८६ नाव असलेलं काहीतरी कमी किमतीत उभं करायचं होतं.

इथवर ठीक, धंदा आहे. पण ४८७ एसएक्स म्हणजे कहरच. नावावरून वाटतं ही ३८७ सारखी जोडचिप, प्रत्यक्षात ती अख्खी ४८६ डीएक्स होती, फक्त पिना १६८ च्या जागी १६९. ती सॉकेटमध्ये बसवली की एका सिग्नलने मूळ एसएक्सला गप्प करायची आणि सगळं काम स्वतःच करायची, म्हणजे आधी पैसे मोजून घेतलेला प्रोसेसर बोर्डावर नुसता शोभेला. ही शुद्ध बनवाबनवी होती असं माझं मत आहे. बाजू घेणारे म्हणतात की वर्ड प्रोसेसिंगला मॅथ युनिट लागतंच कुठे, आणि ते खोटंही नाही, तेव्हाचे बहुतेक गेमसुद्धा पूर्णांकांवर चालायचे.

१९९२ च्या डीएक्स२ मध्ये आतला क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, दुप्पट झाला, ३३ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर ६६. मग १९९४ ची डीएक्स४ चौपट असेल ना? नाही, तिप्पट. ३३ चे १००. वर कॅश १६ केबी आणि व्होल्टेज ३.३.

१९९३ च्या पेंटियममध्ये मॅथ युनिट सगळ्यांनाच मिळालं आणि एसएक्सचा विषय मिटला. पुढच्याच वर्षी नेमक्या त्याच युनिटच्या भागाकाराच्या तक्त्यात पाच नोंदी राहून गेल्याचं उघड झालं आणि चिपा बदलून देण्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला.