ब्रोमॉइल ते बनावट अंतराळवीर: कातालान छायाचित्रणाची पार्श्वभूमी

फोटोला हात लावायचा की नाही, म्हणजे चित्रात हाताने फेरफार करायचे की नाहीत, हा कातालान (स्पेनमधल्या कातालोनियाच्या) छायाचित्रकारांचा जुना वाद. सुरुवात हात लावणाऱ्यांची. डॉक्टर असलेले जुआकिम प्ला जानिनी (1879–1970) ब्रोमॉइलचे, म्हणजे फोटोच्या प्रिंटवर तेलकट शाईने चित्र उठवण्याच्या पद्धतीचे, उस्ताद होते. ब्रोमाइड कागदावरची प्रिंट मोरचूद, पोटॅशियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात ब्लीच करायची. जिथे चांदी जास्त, तिथलं जिलेटीन तेवढं कडक होतं. मग हायपो (उरलेली चांदीची क्षारं काढणारं द्रावण), धुणं, वाळवणं. पुन्हा भिजवली की उजळ भाग पाण्याने फुगतात आणि तेलकट शाई झिडकारतात, गडद भाग ती धरतात. शाई तिरक्या कापलेल्या ब्रशने टिपत टिपत बसवायची, आधी घट्ट, मग सैल. भिजवण कमी पडली तर उजळ भागही शाई घेतात आणि चित्र मळकट होतं. पाणी फार गरम असेल तर सावल्याही शाई धरत नाहीत. पृष्ठभागावर राहिलेला एक थेंब म्हणजे एक पांढरा डाग. दुसरी प्रिंट हुबेहूब तशी निघत नसे, आणि मौज त्यातच होती.

1936 मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धात, पेरे कताला इ पीक यांनी पोस्टरसाठी दृश्यच रचलं: फरसबंदीवर नाझी स्वस्तिक चिरडणारा, दोरीच्या तळव्याची साधी चप्पल घातलेला पाय.

हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पर्धा-प्रदर्शनांमधल्या गोडगोड चित्रांना पुढची पिढी विटली. हिशेबनिसाची नोकरी करणाऱ्या जुआन कोलोम यांनी 1958 ते 1961 मध्ये बार्सिलोनाच्या रावाल वस्तीत, कॅमेरा डोळ्याला न लावता कमरेपाशी धरून फोटो काढले. या पद्धतीत फोकस आधीच ठरवावा लागतो. 35 मिमी लेन्स, लेन्सचं छिद्र एफ/8, फोकस 3 मीटरवर: साधारण 2 ते 7 मीटर स्पष्ट येतं. अरुंद गल्लीत उजेड कमी म्हणून छिद्र मोठं, एफ/2.8 केलं, तर हा पट्टा अडीच ते पावणेचार मीटरवर येतो. डोकी कापली जातात, फ्रेम कलते. चोरून फोटो काढण्याची किंमतही होती: 1964 मध्ये ते पुस्तकात छापले गेल्यावर त्यांतल्या एका स्त्रीने खटला भरला आणि कोलोम यांनी बराच काळ कॅमेरा बाजूला ठेवला.

जुआन फोंतकुबेर्ता यांनी मात्र फोटोवरचा विश्वासच लक्ष्य केला. 1980 च्या दशकात त्यांनी भंगार जोडून ‘वनस्पती’ बनवल्या आणि वनस्पतींचे फोटो काढणाऱ्या जर्मन छायाचित्रकार कार्ल ब्लॉसफेल्टच्या काटेकोर शैलीत त्यांचे फोटो काढले. 1997 च्या ‘स्पुतनिक’ या त्यांच्या बनावट फोटो-प्रकल्पातला हरवलेला सोव्हिएत अंतराळवीर इवान इस्तोच्निकोव म्हणजे त्यांच्याच नावाचं रशियन रूप, चेहराही त्यांचाच. तरी 2006 मध्ये एका स्पॅनिश टीव्ही कार्यक्रमाने ही कहाणी खरी म्हणून दाखवली.