अँटिस्कॅलंट

अँटिस्कॅलंट किंवा स्केल इनहिबिटर म्हणजे पाण्यातले क्षार पाइपात, बॉयलरात, आरओच्या मेंब्रेनवर (पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यावर) दगडासारखे धरून बसू नयेत म्हणून अगदी थोडं टाकायचं केमिकल. याने पाणी मऊ होत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, इथे कॅल्शियम होतं तेवढंच राहतं, फक्त त्याला थर धरू देत नाहीत. विकणारे हा फरक बऱ्याचदा गिळूनच टाकतात.

गोव्यात याची गरज काय असं वाटेल, कारण जांभ्या दगडातल्या बांयचं (विहिरीचं) पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्लधर्मी, त्याने थर बसायच्या आधी लोखंडी पाइपच गंजतो. पण पाणी आटवलं की हिशेब बदलतो. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या किंवा मोठ्या हॉटेलांच्या कूलिंग टॉवरमधून वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात, आगरवाडा-हडफड्याच्या मिठागरात हेच मुद्दाम करतात, आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, मग जिप्सम, मीठ त्यानंतर. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या बोरवर आरओ लावून ७५ टक्के पाणी काढलं तर उरलेल्या पाण्यात क्षार जवळपास ४ पट होतात. त्यात कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव उलटा, पाणी तापलं की ते कमी विरघळतं, शिवाय बायकार्बोनेट फुटून आणखी कार्बोनेट होतं, म्हणून हीटरची कॉइल सगळ्यात आधी पांढरी पडते. या थरातून तांब्याच्या शंभराव्या भागाएवढीसुद्धा उष्णता जात नाही, मग वीजबिल वाढणारच.

आता हे केमिकल करतं काय? क्षाराचा स्फटिक कुठेही वाढत नाही, त्याच्या पृष्ठभागावर ठरावीक पायऱ्या आणि कोपरे असतात तिथेच नवे आयन जोडले जातात. इनहिबिटरचा रेणू नेमका तिथे जाऊन चिकटतो आणि वाढ अडते, म्हणून प्रत्येक कॅल्शियमला एक रेणू लागत नाही, लिटरला २ ते ५ मिलिग्रॅममध्ये शेकडो मिलिग्रॅम कठीणपणा (कॅल्शियमसारखे क्षार) सांभाळला जातो. याला थ्रेशोल्ड इफेक्ट म्हणतात, रीटेमायर आणि ब्यूरर यांनी १९४० मध्ये सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट या इनहिबिटरवर त्याचा अभ्यास छापला होता. जे स्फटिक तरीही वाढतात ते वेडेवाकडे होतात आणि नीट चिकटत नाहीत, पॉलिअ‍ॅक्रिलेटसारखी पॉलिमर त्यांच्यावर ऋण प्रभार चढवतात, मग कण एकमेकांना ढकलत पाण्याबरोबर वाहत राहतात.

हेक्सामेटाफॉस्फेट स्वस्त, पण गरम पाण्यात तुटून ऑर्थोफॉस्फेट होतं आणि कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ पडतो, म्हणजे एका थराच्या जागी दुसरा. एचईडीपी, एटीएमपी ही फॉस्फोनेटं (फॉस्फरस असलेले दुसरे इनहिबिटर) जास्त टिकतात, क्लोरीन मारलेल्या पाण्यात मात्र एटीएमपी लवकर खराब होतं. फॉस्फरस शेवटी नदीत जाऊन शेवाळ वाढवतो, त्यामुळे सहज कुजणाऱ्या पॉलिअ‍ॅस्पार्टेट या इनहिबिटरकडे वळावं हे बरोबरच, किमान मांडवी-झुवारीच्या काठाला तरी.

खाणपट्ट्यातल्या लाल पाण्याला वेगळी खबरदारी लागते. विरघळलेलं लोह फॉस्फोनेटला पकडून ठेवतं, डोस वाया जातो आणि मेंब्रेनवर चिकट गाळ बसतो, म्हणून लोह आधी काढायचं. डोस वाढवत नेणं हा उपाय नाही, जास्त फॉस्फोनेट स्वतःच कॅल्शियमबरोबर खाली बसतं. आणि जुना बसलेला थर निघायचा तर सायट्रिक किंवा सल्फॅमिक अ‍ॅसिडच लागतं.

इनहिबिटर क्षाराला कायमचा रोखत नाही, काही वेळ लांबवतो, चालू प्लांटमध्ये तेवढ्यात पाणी बाहेर पडतं म्हणून भागतं. पावसाळ्यात रिसॉर्ट बंद करताना आरओ तसाच थांबवला तर आतलं घट्ट खारं पाणी मेंब्रेनवरच राहतं आणि ती मुदत संपते, त्यामुळे स्विच बंद करण्याआधी आरओच्या गोड्या पाण्याने आतून धुऊन घेतात.