चोवीस बाइटांत सात सप्तकं

पेटीवरच्या मध्य सप्तकातली पांढरी सहा म्हणजे प्रमाण मानाने सेकंदाला 440 कंपनं. वरच्या सप्तकात त्याच पट्टीची 880 होतात, खालच्या सप्तकात 220. म्हणजे एक सप्तक चढायचं तर ठरावीक आकडा मिळवून भागत नाही, दुप्पट करावी लागते. लगतच्या पट्टीवर, काळी असो की पांढरी, जाताना दर वेळी साधारण 1.0595 ने गुणायचं; असं बारा वेळा केलं की दुप्पट होते. कानाला मात्र ही सगळी पावलं सारख्याच अंतराची वाटतात. जुन्या संगणकांवर संगीत वाजवणाऱ्यांचं सगळं कौशल्य या एका विसंगतीशी झुंजण्यात लागलं: कान मोजतो पटीत, चिप मोजते बेरजेत.

1982 साली आलेला कमोडोर 64 हा घरगुती संगणक घेऊ. त्यातली सिड ही ध्वनी-चिप बॉब यानेस यांनी घडवली. तिला सा, रे, ग कळत नाही. तिला 0 ते 65,535 यांमधला, म्हणजे 16 बिटांत मावणारा, एक आकडा द्यायचा (बिट म्हणजे 0 किंवा 1 चं एक घर; आठ बिटांचा एक बाइट). घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला ती तो आकडा 24 बिटांच्या एका बेरजेत टाकत जाते, आणि बेरीज भरून पुन्हा शून्यापासून सुरू झाली की एक कंपन पूर्ण. युरोपातल्या यंत्रात सेकंदाला 9,85,248 ठोके पडत. त्या हिशेबाने 440 साठी आकडा येतो 7,492. अमेरिकी यंत्राचं घड्याळ थोडं जलद होतं, त्यामुळे तोच आकडा तिथे जवळजवळ 457 कंपनं देतो, म्हणजे अर्ध्या पट्टीहूनही जास्त चढा स्वर.

आता प्रत्येक पट्टीचा आकडा साठवायचा तर सात सप्तकांच्या 84 पट्ट्यांना दोन-दोन बाइट, एकूण 168. पण खालच्या सप्तकातला आकडा वरच्याच्या निम्मा असतो, आणि निम्मं करणं हे या प्रोसेसरचं सर्वांत स्वस्त काम: सगळे बिट एक घर उजवीकडे सरकवायचे. त्याला गुणाकार-भागाकाराच्या आज्ञाच नाहीत. सरकवणं मात्र दोन आज्ञांत उरकतं, वरच्या बाइटला एक आणि खालच्याला एक. म्हणून फक्त सर्वांत वरच्या सप्तकाचे बारा आकडे ठेवायचे, 24 बाइटांत. तिथली पांढरी सहा 29,970. एकदा सरकवली की 14,985, दुसऱ्यांदा 7,492; जाता जाता अर्धा सांडला, पण तेवढा फरक कोणत्याही कानाला कळणार नाही.

याच्याही वरचं सप्तक का घेतलं नाही? तिथली पांढरी सात साधारण 67,280 मागते, आणि ती 16 बिटांत मावतच नाही. तिला 65,535 वर दाबून बसवलं आणि तिथूनच खाली सरकवत आलं, तर प्रत्येक सप्तकातली पांढरी सात बेसूर होते.

सुरावट लिहायलाही एक बाइट पुरतो. वरच्या चार बिटांत सप्तक, खालच्या चारांत स्वर. चार बिटांत सोळा खुणा मावतात आणि स्वर बाराच, म्हणजे चार खुणा वाया जातात, हे खरं. पण पट्ट्यांना सलग क्रमांक दिले, तर सप्तक शोधायला दर वेळी बाराने भागावं लागतं. संगीत वाजवणारा प्रोग्रॅम सेकंदाला 50 वेळा चालायचा आणि उरलेल्या वेळेत संगणकावरचा खेळही चालवायचा असायचा. अशा वेळी चार खुणांची उधळपट्टी मला अगदी शहाणपणाची वाटते.

खरी अडचण स्वर हलवताना येते. मध्य सप्तकातल्या पांढऱ्या सहाच्या आकड्यात 100 मिळवले की स्वर जेमतेम पाव पट्टी चढतो. दोन सप्तकं खाली, 1,873 मध्ये तेच 100 मिळवले की जवळजवळ अख्खी पट्टी चढते. वर 29,970 मध्ये मिळवले तर फरक जाणवणंही कठीण. म्हणजे एकच कंप खर्जात थरथराट होतो आणि तार सप्तकात नाहीसा होतो. कमोडोर 64 च्या खेळांना संगीत देणाऱ्या रॉब हबर्ड यांच्या वादन-प्रोग्रॅममध्ये यावर एक देखणा तोडगा आहे: चालू पट्टी आणि तिच्या वरची पट्टी यांच्या आकड्यांमधला फरक काढायचा, तो हवा तितका निम्मा-निम्मा करत आणायचा आणि तेवढाच कंप द्यायचा. प्रमाण आपोआप सांभाळलं जातं.

पुढे चिपनेच सप्तक वेगळं मानलं. 1987 च्या अ‍ॅडलिब या संगणकात बसवायच्या ध्वनी-कार्डावरच्या यामाहाच्या चिपला 10 बिटांचा आकडा आणि 3 बिटांचं सप्तक असं वेगवेगळं द्यावं लागतं. तिथे पांढरी सहा 580. सप्तक 4 चं 5 केलं की 580 तसाच ठेवून 880 मिळतात. सरकवण्याचं काम चिपकडे गेलं.

मींडेसाठी मात्र मला त्याहूनही आवडतो तो 1994 च्या फास्टट्रॅकर 2 या संगीतरचनेच्या प्रोग्रॅममधला मार्ग. तिथे स्वर कंपनांत मोजायचाच नाही. प्रत्येक पट्टीचे 64 समान भाग करायचे. मग खर्जात असो की तार सप्तकात, तितकेच भाग मिळवले की मींड तितकीच लांब. कंपनं काढायची ती अगदी शेवटी, एका सप्तकाच्या 768 आकड्यांच्या कोष्टकातून. बाकीची सप्तकं पुन्हा बिट सरकवूनच.