बांधकामपूर्व पुरातत्त्वीय तपासणी

इमारत, रस्ता, रेल्वेमार्ग किंवा धरण उभारण्याआधी त्या जागेच्या पोटात जुन्या वस्तीचे अवशेष आहेत का, असल्यास किती खोल आणि किती महत्त्वाचे, हे शोधून त्यांचे काय करायचे ते ठरवण्याची पद्धत. अवशेष जमिनीतच राखणे हा पहिला पर्याय असतो. ते शक्य नसेल तरच पूर्ण उत्खनन करतात, कारण खणताना मातीचे थर कायमचे मोडतात. मागे उरतात ती मोजमापे, आराखडे, छायाचित्रे आणि वस्तू. अहवाल प्रसिद्धच झाला नाही, तर ती जागा दुसऱ्यांदा नष्ट झाली असे म्हणावे लागते.

सुरुवात कागदांपासून होते: जुने नकाशे, गॅझेटियर, आधीच्या शोधांच्या नोंदी. मग पायी पाहणी, गरजेनुसार भूभौतिक सर्वेक्षण (न खणता उपकरणांनी जमिनीखालचा अंदाज घेणे) आणि शेवटी चाचणीचे चर. इंग्लंडमध्ये हे चर बहुधा भूखंडाच्या २ ते ५ टक्के भागावर घेतात. हे सारे इमारतीचा नकाशा पक्का होण्याआधी व्हायला हवे. तेव्हा पाया थोडा सरकवता येतो, तळघर गाळता येते. यंत्रे जागेवर आल्यावर प्रत्येक दिवसाचे भांडण होते.

लंडनच्या वॉलब्रुक परिसरात या पद्धतीची गरज आणि तिचे फळ दोन्ही दिसतात. दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेल्या तिथल्या भूखंडावर कार्यालयीन इमारत उभी राहणार होती. १९५४ मध्ये पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांना तिथे मिथ्र देवाचे रोमन मंदिर सापडले. ते पाहायला लाखो लोक रांगा लावून आले, मंत्रिमंडळातही चर्चा झाली. तरी मंदिर जागेवर राहिले नाही. त्याचे दगड काढून १९६२ मध्ये जवळच, पण चुकीच्या दिशेला तोंड करून आणि आधुनिक सिमेंटमध्ये रचले गेले.

१९८९ मध्ये लंडनच्याच सदर्क भागात १५८७ सालच्या रोझ नाट्यगृहाचा पाया उघडा पडला. बांधकामाची परवानगी आधीच दिलेली होती. नटांनी व नागरिकांनी आंदोलन केल्यावर इमारतीचा आराखडा बदलून अवशेष तिच्याखाली राखले गेले. नोव्हेंबर १९९० मध्ये इंग्लंडमध्ये ‘पीपीजी १६’ हे सरकारी मार्गदर्शन निघाले: तपासणी परवानगीच्या निर्णयाआधी, आणि तिचा खर्च विकासकाचा. हा खर्चाचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे पुरातत्त्व हे ऐन वेळी मागितलेले दान राहत नाही. फ्रान्सने २००१ च्या कायद्याने विकासकांवर शुल्क बसवून सरकारी संस्थेमार्फत अशी तपासणी सुरू केली. ‘कौन्सिल ऑफ युरोप’चा १९९२ चा व्हॅलेटा करारही याच दिशेचा आहे.

वॉलब्रुकच्या त्याच भूखंडावर ब्लूमबर्ग कंपनीच्या नव्या इमारतीआधी २०१० ते २०१४ दरम्यान सविस्तर उत्खनन झाले. तिथल्या वॉलब्रुक ओढ्याच्या पाणथळ मातीत हवा न पोहोचल्याने लाकूड आणि चामडे टिकले होते. रोमन लोक मेणाचा थर देऊन लेखणीने लिहीत त्या ४०५ लाकडी पाट्या मिळाल्या. मेण गेले होते, पण लेखणीचे ओरखडे लाकडात उमटलेले. एका पाटीवर ८ जानेवारी, इसवी सन ५७ ही तारीख आहे: टिबुलस नावाचा मुक्त गुलाम आपण ग्रेटस याला १०५ दिनार देणे लागतो, हे मान्य करतो. मंदिरही २०१७ मध्ये मूळ जागेजवळ, रस्त्याखाली सुमारे ७ मीटरवर पुन्हा मांडले गेले.

भारतात मोठे उदाहरण आंध्र प्रदेशातल्या नागार्जुनकोंड्याचे. कृष्णेवरील धरणात बुडणाऱ्या इक्ष्वाकू राजघराण्याच्या त्या राजधानीत १९५४ ते १९६० मध्ये बचाव उत्खनन झाले आणि नऊ वास्तू उंचावर हलवल्या गेल्या. इमारतींसाठी मात्र कायद्याचा रोख वेगळा आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. संरक्षित नसलेल्या जागेला हा नियम लागत नाही. महाराष्ट्रात गावोगावी ‘पांढर’ म्हणून ओळखली जाणारी जुन्या वस्तीची टेकाडे आहेत. त्यांची माती धाब्याच्या घरांसाठी आणि शेतात टाकायला वर्षानुवर्षे उचलली गेली. बांधकामाच्या परवानगीआधी अशा टेकाडावर निदान दोन-चार चाचणीचे चर घेणे बंधनकारक व्हायला हवे. १८७८ चा निखात निधी कायदा सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो, पण तो वस्तू हाती आल्यावरच लागू होतो.