बोर्ड छापायला देताय? आधी इंग्रजीतला तो 'आयएनजी' बघा

मालवण, तारकर्ली, देवबागच्या आमच्या होमस्टे आणि खानावळवाल्या ग्राहकांसाठी हे मुद्दाम छापलंय, कारण सीझन तोंडावर आला की प्रूफ हातात घेऊन सगळ्यांचा एकच प्रश्न, आम्ही 'वी आर हॅविंग टू एसी रूम्स' लिहून दिलेलं, तुम्ही नुसतं 'हॅव' का केलंत? "सगळेच असा लिवतत, मगे तुमीच कित्याक बदलतास?"

होतं काय, तर डोक्यात वाक्य असतं 'आमच्याकडे दोन रूम आहेत', त्यातलं 'आहेत' आलं की हात 'आर' लिहितो आणि आर आलं म्हणून पाठोपाठ हॅविंग. पण मालकी सांगणारं हॅव शेवटी आयएनजी (हॅविंगमधलं 'इंग') घेत नाही. 'वी आर हॅविंग लंच' चालतं, कारण तिथे आम्ही जेवतोय असा अर्थ आहे. नो (माहीत असणं), वॉन्ट, बिलाँग हीसुद्धा त्याच जातीतली.

बाकी क्रियापदांसाठी मराठीच कामाला येते. 'आम्ही मासे देतो' आणि 'आम्ही मासे देतोय' यातला फरक तुम्हाला कोणी शिकवावा लागत नाही. नेहमीचं, रोजचं असेल तर 'वी सर्व्ह फ्रेश फिश'. आत्ता चाललंय किंवा थोडे दिवसच आहे, तर 'आर सर्व्हिंग'. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा कोणी 'वी आर सर्व्हिंग ओन्ली व्हेज धिस मंथ' लिहिलं तर ते अगदी बरोबर, आम्ही हात लावत नाही. किल्ला मात्र कायमचा आहे, म्हणून 'सिंधुदुर्ग फोर्ट स्टँड्स ऑन कुरटे आयलंड', इज स्टँडिंग नाही.

एका ग्राहकाने प्रूफ ओके केल्यावर रात्री फोन करून आमचं 'वी डू नॉट सर्व्ह लिकर' काढून स्वतःचं 'वी आर नॉट सर्व्हिंग लिकर' घालायला लावलं. सहा बाय तीनचा फ्लेक्स लागला, आणि महिन्याभरात परदेशी पाहुण्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, परत कधी सुरू होणार? त्यांचंही चुकलं नाही, बोर्डच तसं सांगत होता. फ्लेक्स पाटीसारखा पुसता येत नाही, नवीनच छापावा लागला, आमचे दोन दिवस आणि ग्राहकाचे पैसे गेले.

आता 'पासून'. इथे वरची मराठीची युक्ती फसते, म्हणून नीट बघा. 'आम्ही २००९ पासून होमस्टे चालवतोय' याचं 'वी आर रनिंग सिन्स २००९' होत नाही, 'वी हॅव बीन रनिंग धिस होमस्टे सिन्स २००९' होतं. आणि 'पंधरा वर्षांपासून' असेल तर सिन्स नाही, 'फॉर फिफ्टीन इयर्स'. मराठीत दोन्हीकडे पासूनच, म्हणून गोंधळ होतो. साल आलं की सिन्स, किती वर्षं ते आलं की फॉर.

मुंबईपुण्याचा पाहुणा कसंही लिहिलं तरी समजून घेतो, हे खरंय. पण ऑनलाइन फोटो बघून बुकिंग करणारा बाहेरचा माणूस तुमचा बोर्डच वाचून तुम्हाला ओळखतो, त्यासाठी आम्ही भांडतो.

पहिल्या प्रूफमधलं व्याकरण आम्ही फुकट तपासतो, त्याचे वेगळे पैसे कधीच घेतले नाहीत. ओके झाल्यावर बदल केला तर मात्र नवीन प्रिंटचा चार्ज लागेल. इंग्रजीची खात्री नसेल तर सरळ मराठीत लिहून पाठवा, व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तरी चालेल, इंग्रजी आम्ही करून देतो, मेनूकार्ड आणि रूमचे नियमसुद्धा. दसऱ्याआधी मजकूर आला तर दिवाळीच्या गर्दीपूर्वी बोर्ड तुमच्या गेटवर लागलेला असेल.