मेलेल्या जिवाणूंचे विष : एंडोटॉक्सिनच्या शोधाची पार्श्वभूमी

कॉलऱ्याचे जिवाणू उष्णतेने मारून टोचले तरी गिनीपिग दगावतात, हे रिचर्ड फायफर यांनी १८९२च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत दाखवून दिले. घटसर्पाचे किंवा धनुर्वाताचे विष जिवाणू बाहेर सोडतात. ते प्रथिन असते आणि तापवले की निकामी होते. हे विष मात्र जिवाणूच्या देहातच होते आणि उष्णतेला दाद देत नव्हते. फायफर यांनी त्याला एंडोटॉक्सिन म्हटले.

ते शुद्ध रूपात हाती लागायला बराच काळ गेला. १९५२ मध्ये ओटो वेस्टफाल आणि सहकाऱ्यांनी ४५ टक्के फिनॉल व पाण्याच्या मिश्रणात ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला जिवाणू ढवळले. मिश्रण थंड झाल्यावर दोन थर होतात : प्रथिने फिनॉलच्या थरात जातात, लायपोपॉलिसॅकराइड म्हणजे एलपीएस पाण्याच्या थरात उरते. हेच ते एंडोटॉक्सिन. विषारीपणा या रेणूच्या लिपिड ए या मेदयुक्त भागात असतो, हे पुढे सिद्ध झाले.

पण हा रेणू पेशींना स्वतः फारसे मारत नाही. घात करतो तो शरीराचा प्रतिसाद. १९८५ मध्ये ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी यांच्या गटाने उंदरांना टीएनएफ या दाह पेटवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आधी देऊन मग एलपीएस टोचले, तेव्हा बरेच उंदीर वाचले. प्रतिपिंडे आधी देणे इथे महत्त्वाचे, कारण रक्तातील टीएनएफ दीड तासाच्या आसपासच शिखर गाठतो.

एलपीएसची चाहूल पेशीला लागते कशी, याचे उत्तर एका सदोष उंदराने दिले. सी३एच/एचईजे जातीचे उंदीर एलपीएसला दाद देत नाहीत, हे १९६०च्या दशकापासून माहीत होते. १९९८ मध्ये ब्यूटलर यांच्या गटाला कारण सापडले : टीएलआर४ या ग्राहीत, म्हणजे बाहेरचा रेणू ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनात, ७१२व्या जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडीन. एवढ्याशा बदलाने पेशीच्या आत जाणारा संदेश तुटतो. एरवी रक्तातील एलबीपी हे प्रथिन एलपीएसला पेशीवरच्या सीडी१४ या प्रथिनाकडे नेते, तिथून ते एमडी-२ हे प्रथिन आणि टीएलआर४ यांच्या जोडीकडे जाते. आत एनएफ-कप्पा-बी हा जनुके चालू करणारा घटक जागा होतो आणि मोनोसाइट ही पांढरी रक्तपेशी टीएनएफ, आयएल-६ व आयएल-१ बीटा या दाहकारक प्रथिनांची जनुके चालू करते. चुकून पेशीच्या आतच पोहोचलेले एलपीएस माणसात कॅस्पेज-४ या विकराला थेट चिकटते आणि पेशी फुटते. ही वाट तर २०१०च्या दशकात उलगडली.

या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली गफलत अशुद्धतेची आहे. १९९८ मध्येच टीएलआर२ हाही एलपीएसचा ग्राही असल्याचे निबंध आले. नमुने फिनॉलने पुन्हा शुद्ध केल्यावर टीएलआर२ चा प्रतिसाद नाहीसा झाला. तो सोबत आलेल्या लायपोप्रोटीनचा, म्हणजे जिवाणूच्या मेदयुक्त प्रथिनाचा होता. उलटही घडते. ई. कोलाय या जिवाणूत बनवलेल्या प्रथिनाने दाह झाला, तर तो प्रथिनाचा की उरलेल्या एलपीएसचा, हे आधी तपासावे. नमुना उकळल्यावरही प्रतिसाद टिकला आणि एलपीएसला बांधून निकामी करणारे पॉलिमिक्सिन बी घातल्यावर बुडाला, तर संशय एलपीएसवरच. काचसामानाला ऑटोक्लेव्हचे (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे) १२१ अंश पुरत नाहीत : जिवाणू मरतात, विष राहते. त्यासाठी २५० अंशांची कोरडी उष्णता किमान ३० मिनिटे लागते.