प्रिन्स ऑफ पर्शिया (व्हिडिओ गेम)

प्रिन्स ऑफ पर्शिया हा जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने जवळपास एकहाती रचलेला संगणकीय खेळ. कॅलिफोर्नियातील ब्रॉडरबंड या कंपनीने तो १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी बाजारात आणला. १९९० मध्ये तो पीसीवरच्या डॉस या प्रणालीवर आला आणि तिथून जगभर पसरला. पडद्यावर बाजूने दिसणारा एक माणूस तळघरातल्या तुरुंगातून निघतो आणि धावत, उड्या मारत, कठड्यांना लोंबकळत, तलवार चालवत राजवाड्याच्या मनोऱ्यापर्यंत पोचतो, एवढाच या खेळाचा व्याप. लेव्हल १२ आणि वेळ ६० मिनिटे. मेलात तर तीच लेव्हल पुन्हा सुरुवातीपासून. गेलेली मिनिटे मात्र परत मिळत नाहीत.

कथानक : पर्शियाचा सुलतान परदेशी मोहिमेवर गेला आहे. मागे राहिलेला वजीर जाफर सत्ता बळकावतो. गादीवर हक्क सांगायचा तर राजकन्येशी लग्न हवे, म्हणून तो तिला मनोऱ्यात कोंडतो, तिच्यासमोर वाळूचे घड्याळ ठेवतो आणि तासाभराची मुदत देतो : माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तिचे प्रेम आहे ते एका परदेशी मुसाफिरावर, आणि तो नेमका जाफरच्या तुरुंगात आहे. म्हणजे खेळाच्या नावात 'प्रिन्स' असला, तरी सुरुवातीला नायक राजपुत्र नसतोच. मूळ खेळात त्याला नावही नाही, राजकन्येलाही नाही. नाव आहे ते फक्त खलनायकाला.

हे नाव अरबी कथांमधून आलेले. खलिफा हारून अल् रशीदचा वजीर जाफर बर्मकी ही इतिहासातली खरी व्यक्ती, आणि त्या गोष्टींमध्ये तो बहुतेक वेळा खलिफाबरोबर वेष पालटून बगदादच्या गल्ल्यांतून हिंडणारा सोबती असतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या काळापासून अरबी कथा मराठीत वाचल्या जात आल्या आहेत. त्या वाचलेल्यांना हा सालस वजीर ओळखीचा असतो, आणि खेळातला जाफर पाहून क्षणभर चुकल्यासारखे होते. त्याला दुष्ट केले ते सिनेमाने. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये जाफर खलनायक आहे. मेकनरचा पर्शियाही असाच गोष्टींतला पर्शिया आहे. नकाशावर किंवा इतिहासात तो शोधू नये.

चाल आणि अडथळे : खेळ सुरू होतो तेव्हा नायकाच्या हातात काहीच नसते. उजवीकडे गेले की पहारेकरी उभा, आणि निःशस्त्र माणसाला त्याचा एकच वार पुरतो. तलवार दुसऱ्या टोकाला, तळघराच्या डाव्या बाजूला पडलेली असते. नवा खेळाडू आधी उजवीकडे धावतो, मरतो आणि मगच डावीकडे वळतो.

या खेळातल्या माणसाला वजन आहे, आणि हाच त्याचा खरा शोध. त्या काळच्या बहुतेक खेळांत बटण दाबले की आकृती लगेच उडी मारायची, हवेतच दिशा बदलायची. इथे तसे चालत नाही. धावायला सुरुवात केली की दोन पावले वेग घेण्यात जातात. थांबायचे तर पाय घसरत थांबतात. वळताना अंग आधी वळते, मग पाऊल पडते. लांब उडीसाठी आधी मागे सरकून जागा करावी लागते. एक मजला खाली पडले तर काही होत नाही, दोन मजले पडले तर जीव दाखवणाऱ्या लाल त्रिकोणांपैकी एक जातो, तीन मजल्यांवरून पडलेला माणूस उठत नाही. म्हणून खेळणारा आपोआप खऱ्या उंचीचा विचार करतो तसा विचार करू लागतो. खड्ड्याच्या काठावर शिफ्ट दाबून एकेक सावध पाऊल टाकणे, खाली वाकून अंदाज घेणे आणि मग श्वास रोखून झेप घेणे, ही खेळणाऱ्याच्या अंगात भिनलेली सवय होते.

सापळे तसे मोजकेच. जमिनीतून वर येणारे सुळे, कात्रीसारखी वरखाली मिटणारी पाती, पाय पडताच थरथरून कोसळणाऱ्या फरश्या, आणि दाबली की दूरवरचा दरवाजा वर उचलणारी किंवा धाडकन खाली आणणारी कळ. दरवाजा काही सेकंदांत पुन्हा हळूहळू खाली येऊ लागतो, आणि त्याची ती करकर ऐकूनच किती धावायचे ते कळते. सुळ्यांमधून मात्र सावकाश चालत गेले तर काहीच होत नाही. घाई करणाऱ्यालाच ते मारतात. साठ मिनिटांचे घड्याळ मागे लागलेले असताना असा सापळा रचणे यात मेकनरचा खट्याळपणा दिसतो.

बाटल्यांचेही तसेच. छोटी बाटली गेलेला त्रिकोण परत देते, मोठी बाटली एक जादा त्रिकोण देते, आणि काही बाटल्यांत विष असते. सातव्या लेव्हलमधली एक बाटली प्यायली की माणूस पिसासारखा तरंगत खाली उतरतो, तर नवव्यातली एक अख्खा पडदाच उलटा करते.

पहिल्या तीन लेव्हल तुरुंगाच्या, पुढच्या तीन राजवाड्याच्या. सहाव्या लेव्हलच्या शेवटी नायक खाली कोसळतो आणि सातवी पुन्हा तुरुंगातच सुरू होते. इतके चढून आल्यावर पुन्हा तीच काळवंडलेली दगडी भिंत दिसली की खेळणाऱ्याचा जो हिरमोड होतो, तो एक शब्दही न लिहिता सांगितलेल्या कथेचा भाग आहे.

सावली : खेळाचा गाभा मात्र चौथ्या लेव्हलमध्ये आहे. बाहेर पडायचा दरवाजा उघडून नायक परत फिरतो, तर मघाशी मोकळ्या असलेल्या वाटेवर आता एक आरसा उभा असतो. पुढे जायला दुसरी वाट नाही. खेळणारा आरशासमोर घुटमळतो. आतले प्रतिबिंबही घुटमळते. शेवटी धावत येऊन आरशावरच उडी घ्यायची. आरसा पार होतो, पण त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने एक आकृती बाहेर पडते आणि उलट दिशेला पळून जाते. नायकाकडे जीवाचा एकच त्रिकोण उरतो.

पाचव्या लेव्हलमध्ये मोठी बाटली समोर दिसत असतानाच ही सावली येऊन ती पिऊन टाकते. सहाव्यामध्ये दरीपलीकडे ती उभी असते. नायक झेप घेतो तेवढ्यात ती पुढे येऊन कळीवर पाय ठेवते, दरवाजा बंद होतो, आणि आपण खाली पडतो ते थेट तुरुंगात. मग कित्येक लेव्हल तिचा पत्ता नसतो. बाराव्या लेव्हलमध्ये मनोरा चढून गेल्यावर ती तलवार घेऊन समोर येते. इतका वेळ खेळाने एकच गोष्ट शिकवलेली असते : समोर तलवार दिसली की लढायचे. इथे तिला वार लागला की आपलाही एक त्रिकोण जातो. तिला मारले तर आपणही मरतो. सुटका एकाच मार्गाने : तलवार म्यान करायची. तीही म्यान करते. मग सरळ तिच्या अंगावर चालत जायचे, आणि दोघे एक होतात. पुढे नुसती पोकळी असते. त्या पोकळीत धाडसाने धावत सुटले, की प्रत्येक पावलाखाली फरशी उमटत जाते. जाफर त्यापलीकडे.

ही कल्पना सुचली ती चणचणीतून. मेकनरला सुरुवातीला मारामारी नकोच होती. नायक आणि सापळे, बस्स. ॲपल टूची स्मृती नायकाच्या हालचालींनीच भरून गेली होती. शत्रूच्या वेगळ्या चित्रांना जागा नव्हती. पण खेळ कोरडा वाटत होता, आणि ब्रॉडरबंडमधली सहकारी टोमी पियर्स लढाई हवी म्हणून त्याच्या मागे लागली होती. तोडगा असा निघाला : नायकाचीच चित्रे घ्यायची, ती एका बिटने सरकवायची आणि मूळ चित्राशी एक्सओआर या गणिती क्रियेने मिसळायची. पडद्यावर एक लुकलुकती, भुतासारखी आकृती दिसू लागली. नवे एकही चित्र न काढता शत्रू मिळाला, आणि तो नायकाचाच अंश असल्याने कथेलाही अर्थ आला. पहारेकरी त्यानंतरचे, त्यांच्यासाठी मग इतर ठिकाणी स्मृतीची काटकसर करून जागा काढावी लागली.

निर्मिती : येल विद्यापीठात शिकत असतानाच मेकनरने कराटेका (१९८४) हा खेळ करून नाव मिळवले होते. नव्या खेळासाठी त्याने १९८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील चापाक्वा येथे, रीडर्स डायजेस्टच्या गाड्या लावायच्या मैदानात, आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला आणि लोंबकळायला लावले आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने ते टिपले. नायकाचे पांढरे कपडे तिथले. मग चित्रफीत एकेका चौकटीवर थांबवून टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढायचे, ते धुऊन आणायचे, काळ्या मार्करने आणि पांढऱ्या करेक्शन फ्लुइडने आकृतीची कडा ठळक करायची, त्याची झेरॉक्स काढायची आणि ती पुन्हा कॅमेऱ्याने संगणकात उतरवायची. चित्रीकरणावरून हालचाल गिरवण्याचे हे तंत्र, रोटोस्कोपिंग, चित्रपटांत जुनेच होते. घरगुती संगणकावर ते या पातळीवर कोणी नेले नव्हते. तलवारबाजीसाठी भाऊही उपयोगाचा नव्हता, कारण दोघांनाही ती येत नव्हती. तेव्हा १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मधले शेवटचे द्वंद्व कामी आले. त्यात एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन काही क्षण अगदी बाजूने दिसतात. त्या मोजक्या चौकटींवरून वार आणि बचाव उचलले गेले. संगीत वडिलांचे, फ्रान्सिस मेकनर यांचे. ते पेशाने मानसशास्त्रज्ञ.

हे सगळे व्हायला चार वर्षे गेली, कारण मधेच मेकनरला पटकथा लिहायच्या होत्या आणि खेळ बाजूला पडला होता. तो पुरा झाला तोवर ॲपल टूचे दिवस भरत आले होते. अमेरिकेत सुरुवातीची विक्री थंडच होती. जपान आणि युरोपातल्या आवृत्त्यांनी, पुढे १९९२ च्या मॅकिंटॉश आवृत्तीने आणि नव्या वेष्टनाने त्याला हात दिला. त्याच वर्षीच्या सुपर निन्टेन्डो आवृत्तीत लेव्हल २० आणि वेळ १२० मिनिटे आहे.

भारतात आणि महाराष्ट्रात : आपल्याकडे हा खेळ आला तो दुकानातून नव्हे, फ्लॉपीतून. नव्वदच्या दशकात शाळांच्या संगणक प्रयोगशाळा, खासगी क्लास आणि कुणाच्या तरी वडिलांचे ऑफिस, असा त्याचा प्रवास. त्या पिढीसाठी तो नुसता 'प्रिन्स'. सोबतची पुस्तिका नसायची, त्यामुळे कथा कोणाला नीट ठाऊक नसे. पोरे एकमेकांना सांगून ती पुरी करत. पहिल्या लेव्हलनंतर मूळ खेळात बाटल्यांची एक खोली येते. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या शब्दाचे आद्याक्षर असलेली बाटली प्यायची; चुकलात की मेलात. नकला रोखण्यासाठी केलेली ही सोय, पण पुस्तिका न पाहिलेल्यांना तो आणखी एक सापळाच वाटे.

डॉसच्या काळ्या पडद्यावर 'प्रिन्स मेगाहिट' असे टाइप करून खेळ सुरू केला की चोरवाटा खुल्या होत. हा मंत्र ज्याला ठाऊक, त्याला क्लासमध्ये भाव असे. मंत्र नसतानाही शिफ्ट आणि एल दाबून चौथ्या लेव्हलपर्यंत उडी मारता येई, पण मग घड्याळात १५ मिनिटेच उरत. तेवढ्यात राजकन्येपर्यंत पोचणे जवळपास अशक्य, आणि आठव्या लेव्हलमध्ये दरवाजा बंद होऊन अडकल्यावर राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर येऊन कळ दाबतो, हे कित्येकांनी फक्त ऐकलेले असायचे. अडकलो म्हणून तिथेच खेळ बंद करून उठणारेही होते. उंदीर येईपर्यंत थांबायचे असते, हे सांगणार कोण?

पुढील प्रवास : १९९३ च्या दुसऱ्या भागात, 'द शॅडो अँड द फ्लेम'मध्ये, जाफर नायकाचे रूप घेऊन राजवाड्यात शिरतो आणि खऱ्या नायकाला भिकारी ठरवून हाकलले जाते. १९९९ चा त्रिमितीय खेळ फसला. २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने केलेला 'द सँड्स ऑफ टाइम' मात्र गाजला. त्याची पटकथा मेकनरचीच, आणि कथेची सुरुवात भारतात होते : पर्शियाचे सैन्य एका महाराजाचा राजवाडा लुटते, आणि पकडून नेलेली त्याची मुलगी फराह ही पुढे नायकाची सोबतीण बनते. तिचे नाव भारतीय राजकन्येचे कसे, हा प्रश्न आपल्याकडच्या खेळाडूला पडतोच. या खेळात हातातल्या खंजिराने गेलेले काही क्षण मागे फिरवता येतात. मूळ खेळात जी गोष्ट काही केल्या परत मिळत नसे, नेमकी तीच. त्यावरून २०१० मध्ये डिस्नेने चित्रपट काढला. याच मालिकेचा एक उपखेळ म्हणून सुरू झालेले काम पुढे 'असॅसिन्स क्रीड' (२००७) या स्वतंत्र मालिकेत बदलले. २०२४ च्या 'द लॉस्ट क्राउन'मध्ये इराणी पुराणकथांतला सिमुर्ग पक्षी आणि काफ पर्वत आले, आणि संवाद फारसीतही ऐकता येऊ लागले. पर्शियाचे नाव लावणाऱ्या मालिकेला हे सुचायला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

मूळ ॲपल टू आवृत्तीची आज्ञावली हरवली असेच मेकनर समजत होता. २०१२ मध्ये वडिलांनी कपाट आवरताना सापडलेले एक खोके त्याला पाठवले, आणि त्यात जुन्या फ्लॉपी निघाल्या. जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि त्याने सगळी आज्ञावली गिटहब या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. डॉस आवृत्तीचेही चाहत्यांनी उलट्या मार्गाने विश्लेषण करून ती आजच्या संगणकांवर चालेल अशी पुन्हा बांधली आहे. तिच्यात वाट्टेल तेवढा वेळ घेता येतो, अडखळल्यास मागे जाता येते. जुने खेळाडू बहुधा या सोयी बंद करूनच खेळतात.